स्वस्तातले इअरफोन: कानात बसणं आणि आवाज पारखणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाचशे ते तीन हजार रुपयांच्या, कानाच्या आत घालायच्या इअरफोनबद्दल नात्यातले, ऑफिसातले, रोजच्या लोकलमधले लोक मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांची तक्रार आवाजाबद्दल असते आणि बहुतेक वेळा तिचं उत्तर कानात नीट बसण्यात असतं. म्हणून क्रमही तसाच लावला आहे: आधी बसणं, मग आवाज, मग खरेदी, आणि शेवटी अडचणीचे प्रश्न. घाई असेल तर १, २ आणि ७ एवढे तरी वाचा.

१. नवे इअरफोन घेतले, पण बेस अजिबातच नाही. पीस खराब आला का?

बहुधा नाही. इअरफोनच्या तोंडावरचं रबर आणि कानाची आतली भिंत यांच्यात फट राहिली असणार. या इअरफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा स्पीकर, अगदी छोटा असतो. त्याच्या समोरची कानातली हवा बंदिस्त असते, तेव्हाच त्याला खर्ज उभा करता येतो. बारीकशी फट राहिली तरी खालचे स्वर तिथून निसटतात. वरच्या स्वरांना फारसा फरक पडत नाही, त्यामुळे गाणं पातळ आणि टोचरं वाटायला लागतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंटरनेटवर ५० हर्ट्झचा टोन (अगदी खालचा, एकसलग स्वर) शोधून हळू आवाजात लावा. एका बोटाने इअरफोन अलगद आत दाबा. घुमार एकदम वाढला आणि बोट काढल्यावर पुन्हा गेला, तर फट आहे. दाबल्याने काहीच बदललं नाही, तर रबर नीट बसलं आहे.

घालण्याचीही रीत आहे. आपली कर्णनलिका सरळ नसते, तिला वळण असतं, आणि लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड थोडी वर आणि मागे ओढा, म्हणजे नलिका सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत न्या आणि कान सोडा. बरोबर बसला की खोलीतल्या पंख्याचा आवाज दबतो. मला आलेल्या ‘खराब पीस’च्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावरच मिटल्या आहेत.

२. सोबत रबराच्या तीन जोड्या येतात. माझा साइझ कोणता, हे कसं ओळखू?

बहुतेक लोक कारखान्यातून लावून आलेलं मधलं रबर कधीच बदलत नाहीत. बाकीच्या दोन जोड्या खोक्यात राहतात आणि खोकं माळ्यावर जातं. तसं करू नका.

सुरुवात मोठ्या साइझपासून करा. मोठं रबर आत जात नसेल, किंवा गेल्यावर कान ताणल्यासारखा वाटत असेल, तर मधलं लावा. मधलं सहज आत जाऊन सैल वाटत असेल, तर ते लहान आहे. बसल्यावर जबडा हलवा, आवंढा गिळा, मान दोन्हीकडे वळवा. एवढं करून बेस टिकला तर तुमचा साइझ सापडला. लहान रबर फसवतं, कारण ते खोल जातं आणि बसलंय असं वाटतं, पण कडेने फट राहते.

दोन्ही कान एकसारखे असतीलच असं नाही. एका कानात मोठं आणि दुसऱ्यात मधलं रबर घालणारे पुष्कळ लोक आहेत, त्यात काही गैर नाही. डावा इअरफोन सतत गळून पडतो म्हणणाऱ्यांनी हे आधी करून पाहावं.

तिन्हीतलं एकही बसलं नाही, तर इअरफोन बदलण्याआधी रबर बदला. शंभर-दोनशे रुपयांत वेगवेगळ्या साइझचा संच मिळतो. फक्त ज्या नळीवर रबर चढतं तिची जाडी बघून घ्या. तोंडाशी साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या नळ्या असतात. बारीक नळीवर मोठ्या भोकाचं रबर लावलं तर ते निघून कानातच राहू शकतं.

३. सिलिकॉनचं रबर चांगलं की फोमचं?

फोम बोटांनी चुरून आत घालायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बाहेरचा आवाज तो जास्त अडवतो, आणि ज्यांच्या कानात सिलिकॉन सरकतं त्यांना तो घट्ट बसतो. पण तो वरचे स्वर थोडे मऊ करतो. आधीच मंद, गुबगुबीत आवाजाच्या इअरफोनवर त्याने गाणं अधिकच झाकोळतं. टोचऱ्या आवाजाच्या इअरफोनवर मात्र तोच फायद्याचा ठरतो.

आपल्या हवेत फोमची खरी अडचण घामाची आहे. तो ओल धरतो, धुता येत नाही आणि काही महिन्यांत कडक होतो. मुंबईत रोज वापरायला मी सिलिकॉनच सुचवतो.

४. तासाभरात कान दुखायला लागतो. सवय होईल का?

कुठे दुखतं त्यावर आहे. नलिकेच्या तोंडाशी, आत दुखत असेल तर रबर मोठं आहे; एक साइझ खाली या. बाहेरच्या वाटीत, पाळीच्या वरच्या कूर्चेपाशी दुखत असेल तर इअरफोनचं कवच तुमच्या कानाला मोठं आहे किंवा त्याची कड टोचते आहे. आतलं दुखणं रबर बदलून जातं. बाहेरचं जात नाही आणि त्याची सवयही होत नाही, तो इअरफोन परत करा. लहान कानांना, बऱ्याच बायकांना आणि शाळकरी मुलांना अनेक ड्रायव्हर कोंबलेली जाड कवचं त्रास देतात. त्यांनी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, सरळ आत जाणारे इअरफोन घ्यावेत.

कान दुखण्यासोबत खाज, ओल किंवा पाणी येत असेल तर ते इअरफोनचं काम नव्हे. पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी होऊ शकते. इअरफोन बंद ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

५. वायर कानावरून मागे घ्यायची की सरळ खाली सोडायची?

ज्या इअरफोनच्या वायरला कानापाशी वळणदार आकडा असतो, ते कानावरून घालण्यासाठीच बनवलेले असतात. सरळ घातले तर त्यांची नळी चुकीच्या दिशेला वळते आणि फट राहते. गोळीच्या आकाराचे इअरफोन दोन्ही प्रकारे चालतात. ते कानावरून घेतले की शर्टाला वायर घासण्याचा खरखर आवाज बराच कमी होतो.

चश्मा असेल तर आधी इअरफोन, मग चश्मा. बुगडी किंवा भिकबाळी घालणाऱ्यांना कानावरून जाणारी जाड वायर तिथेच अडते आणि दुखवते. त्यांना सरळ वायरवालेच सोयीचे. हेल्मेटखाली काहीच घालू नका, गाडी चालवताना कान मोकळे हवेत.

६. चालताना पावलांचा धपधप आवाज कानात येतो, खाताना तर काहीच ऐकू येत नाही. हा दोष आहे का?

नाही. कान बंद झाला की हाडांतून येणारा शरीराचा आवाज बाहेर पडू शकत नाही आणि मोठा वाटतो. कानात बोट घालून बोलून पाहा, तेच होईल. रबर थोडं खोल बसवलं तर कमी होतो, पूर्ण जात नाही.

७. ‘आवाज चांगला आहे’ म्हणजे नेमकं काय ऐकायचं?

या प्रश्नाला मोठं उत्तर देणं भाग आहे, कारण बहुतेकजण धडधडता बेस असलेलं एखादं गाणं लावतात आणि दहा सेकंदांत निकाल देतात. दहा सेकंदांत कळतो तो फक्त ढोबळ रंग.

तुम्हाला पाठ असलेलं संगीत लावा. ज्याची प्रत्येक जागा तुमच्या कानात बसली आहे, असं. आपल्याकडची वाद्यं यासाठी फार उपयोगाची आहेत.

तबल्यापासून सुरू करा. डग्ग्याचा मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि तळहाताच्या दाबाने तो वर-खाली सरकतो. चांगल्या इअरफोनवर ते सरकणं, ती मींड, स्वर म्हणून ऐकू येते. वाईट इअरफोनवर नुसता ‘धुम्’ येतो, स्वर नाही. बेस भरपूर असणं आणि बेस स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या इथे लगेच कळतात. मग उजव्या हाताचा तबला ऐका. चाटीवरचा (कडेचा) आघात आणि शाईवरचा (मधल्या काळ्या भागाचा) आघात वेगळे कळले पाहिजेत. लावणीतली ढोलकी यासाठी आणखी कठोर परीक्षा घेते, कारण तिथे आघात झपाझप येतात आणि ढिसाळ बेस असेल तर एकमेकांत मिसळून जातात.

मग तानपुरा. जवारी लागलेल्या तारेतून मूळ स्वरासोबत वरच्या स्वरांचं जे मोहोळ उठतं, ते ऐकू येतं का? की नुसती गुणगुण? मधल्या आणि वरच्या पट्टीतला तपशील किती उरला आहे, याची ही माझी सगळ्यात भरवशाची खूण आहे.

टाळ किंवा झांज घ्या. वारकरी भजनाचं ध्वनिमुद्रण उत्तम. टाळ वाजला की खणखणीत सुरुवात आणि मग विरत जाणारी लकेर, हे दोन्ही हवं. नुसतं ‘च्स् च्स्’ ऐकू आलं किंवा कान कळवळला तर वरची पट्टी बिघडलेली आहे. तिथला टोचरेपणा साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या भागात असतो.

शेवटी माणसाचा आवाज, तोही गाण्याशिवाय. मराठी बातम्या किंवा अभिवाचन लावा. ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचतात का? ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे ऐकू येतात का? वरची पट्टी दबलेली असेल तर हा फरक पुसट होतो. बाईचा आवाज दूर गेल्यासारखा आणि पुरुषाचा छातीतून घुमल्यासारखा वाटला तर खालची-मधली पट्टी फुगवलेली आहे. आणि बोलणारा डोक्याच्या बरोबर मधोमध उभा वाटला पाहिजे. एका बाजूला सरकलेला वाटला तर प्रश्न १७ आणि १९ पाहा.

एक सावधगिरी. आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं किंवा तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं आपल्याला प्रिय असतात, पण त्यांत खालचे आणि वरचे स्वर मुळातच कमी असतात. ती ऐकून आनंद घ्या, इअरफोनचा निकाल देऊ नका. आणि गाण्याच्या ॲपमध्ये आवाजाचा दर्जा कमी ठेवलेला नाही ना, हेही बघा. डेटा वाचवण्यासाठी केलेली ती सोय पुष्कळांच्या फोनमध्ये तशीच राहून जाते.

८. दोन इअरफोनची तुलना कशी करायची? मला नेहमी नवीनच चांगला वाटतो.

कारण तो जास्त जोरात वाजत असतो. एकाच व्हॉल्यूमवर दोन इअरफोन सारख्या जोराने वाजत नाहीत, आणि किंचित मोठा आवाज माणसाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. त्यातही मोठ्या आवाजात खालचे स्वर कानाला तुलनेने जास्त जाणवतात, हे १९३३ सालापासून मोजून माहीत आहे. म्हणून आधी बोलण्याचा आवाज दोन्हींवर सारखा लागेल असा व्हॉल्यूम जुळवा. मग एकाच गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्हींवर ऐका. दोन्हींवर तुमच्या साइझचं रबर असलं पाहिजे, नाहीतर तुलना रबरांची होते.

निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. पहिल्या ऐकण्यात झगमगाट करणारा इअरफोन बऱ्याचदा बोरिवली ते चर्चगेट एवढ्या प्रवासात डोकं दुखवतो. तासभर ऐकून काढावासा न वाटणं, ही माझ्या लेखी मोठी पावती आहे.

९. खोक्यावर ‘१० मिमी ड्रायव्हर’, ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असतं. त्यावरून काही कळतं का?

आवाजाबद्दल जवळजवळ काहीच नाही. २० ते २०,००० हर्ट्झ ही माणसाच्या श्रवणाची ढोबळ मर्यादा आहे. त्या पट्ट्यात कुठला स्वर किती जोराने येतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ड्रायव्हर मोठा म्हणजे चांगला, हेही खरं नाही. ६ मिलिमीटरचा नीट जुळवलेला ड्रायव्हर १४ मिलिमीटरच्या ढिसाळ ड्रायव्हरपेक्षा सरस वाजतो. ड्रायव्हरांच्या संख्येचंही तसंच.

कामाचे आकडे दोन: इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर तो किती जोरात वाजतो). स्वस्तातले बहुतेक इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि कुठल्याही फोनवर पुरेसे जोरात वाजतात, त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायची गरज नाही.

१०. इंटरनेटवरचे ग्राफ पाहून इअरफोन घ्यावा का?

यादी छोटी करायला ग्राफ उत्तम. आडव्या रेषेवर खर्जापासून तारापर्यंतचे स्वर आणि उभ्या रेषेवर त्यांचा जोर असतो. डावीकडचा डोंगर म्हणजे बेस. साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा पाहून घाबरू नका, तो मुद्दाम ठेवलेला असतो. मोकळ्या कानात नलिकेमुळे तो भाग नैसर्गिकच उठतो, आणि इअरफोनला त्याची भरपाई करावी लागते. हरमन कंपनीच्या संशोधकांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेली एक आदर्श रेषा बरेच ग्राफ सोबत दाखवतात. ती बहुसंख्यांची आवड आहे, तुमची असेलच असं नाही.

८ किलोहर्ट्झच्या पुढे मात्र ग्राफवर फार विसंबू नका. तिथला सुळका पुष्कळदा मोजणाऱ्या कृत्रिम कानाचा असतो आणि इअरफोन किती खोल घातला त्यावर जागा बदलतो. शिवाय कुठलाही ग्राफ फट नसताना काढलेला असतो. तुमच्या कानात फट राहिली तर डावीकडचा डोंगर तुमच्यापुरता नाहीसा होतो.

११. किती पैसे घालावेत? पाचशे आणि अडीच हजारांत खरंच फरक आहे का?

पाचशेच्या आसपास बेस फुगवलेला असण्याची शक्यता जास्त आणि वायर कायमची जोडलेली असते. ती पिनपाशी तुटली की इअरफोन गेला. दीड-दोन हजारांच्या आसपास मोठी उडी आहे. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी इथे फार चांगलं काम केलं आहे. मूनड्रॉप चू, सेव्हन हर्ट्झचा सॅलनोट्स झीरो, टँगझू वान’अर ही नावं तुम्हाला वारंवार भेटतील, आणि तिन्हींत आवाजाचा तोल बारकाईने साधलेला आहे. पहिल्या चूची वायर निघत नव्हती, चू २ ची निघते. घेताना हा फरक बघा. केझेड कंपनीचे इअरफोन जास्त धमाकेदार, वरची पट्टी काहींना टोचणारी.

दोन हजारांच्या पुढे फायदा हळूहळू कमी होत जातो. तिथे जास्तीचे पैसे चांगली वायर आणि रबरांचा संच यांवर घाला.

१२. मुंबईत ऐकून घेता येतील अशी जागा आहे का?

कानाच्या आत घालायचा माल दुकानदार सहसा उघडून देत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. लॅमिंग्टन रोडला किंवा इर्ल्याच्या अल्फा या दुकानात गेलात तर आपली स्वतःची रबरं सोबत न्या आणि दुकानात दाखवायचा उघडा पीस आहे का, ते विचारा. पाच मिनिटांत एवढंच तपासा: दोन्ही बाजू सारख्या जोराने वाजतात का, पिन जॅकमध्ये फिरवल्यावर खरखर होते का, आणि कवच कानाच्या वाटीत कुठे टोचतं का. बाकीची परीक्षा गर्दीच्या गोंगाटात होत नाही, ती घरी करायची. त्यामुळे परत करायची मुदत असलेली ऑनलाइन खरेदी या वस्तूपुरती जास्त सोयीची, फक्त विक्रेता कंपनीने नेमलेला आहे ना, हे बघा. पदपथावर निम्म्या भावात मिळणारा नामांकित ब्रँड नकली असण्याची शक्यता मोठी.

१३. नवे इअरफोन शंभर तास वाजवून ‘मोकळे’ करावे लागतात का?

नाही. बदलतात ते तुमचे कान आणि रबर बसवण्याचा तुमचा हात. पहिल्या आठवड्यात टोचणारा इअरफोन तिसऱ्या आठवड्यात बरा वाटला, तर मेंदूला सवय झाली आहे. परत करायची मुदत या नादात घालवू नका.

१४. वायरवाले घ्यावेत की ब्लूटूथ?

त्याच पैशांत आवाज हवा असेल तर वायरवाले. ब्लूटूथमध्ये तुमचे पैसे बॅटरी, चिप, डबी आणि माइक यांत वाटले जातात. दोन-तीन वर्षांत बॅटरी थकते, वायरवाला मात्र टिकतो.

लोकलच्या गर्दीत मात्र वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि इअरफोन कानातून उपटला जातो, हे मला मान्य आहे. गर्दीच्या वेळी दादरला चढणाऱ्याने ब्लूटूथ घेतला तर मी अडवणार नाही. घेताना कोडेकच्या (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीच्या) जाहिरातीला भुलू नका. आयफोन एलडॅक किंवा ॲप्टएक्स वापरतच नाही, तो एएसी वापरतो. आणि स्वस्तातल्या इअरफोनमध्ये कोडेकपेक्षा ड्रायव्हरची जुळणी आणि कानातलं बसणं यांचा फरक कितीतरी मोठा असतो. फोनवरच्या पेटीच्या ॲपवर वाजवणाऱ्यांनी वायरच वापरावी. ब्लूटूथवर बोट ठेवल्यावर स्वर उशिरा येतो.

१५. माझ्या फोनला गोल जॅकच नाही. कुठलाही डोंगल चालेल का?

नाही. टाइप-सीचे डोंगल (गोल पिन लावायचे छोटे जोड) दोन प्रकारचे असतात. एकात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, ते काही फोनवर चालतात आणि बाकीच्यांवर गप्प राहतात. दुसऱ्यात आवाजाची चिप असते, तिला डॅक म्हणतात. डॅक असलेलाच घ्या. ॲपलचा टाइप-सी डोंगल उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज खूप हळू येतो, म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी दुसरा पाहावा.

१६. लोकलमध्ये आवाज फुल करावा लागतो. नॉइज कॅन्सलेशन घेऊ का?

आधी प्रश्न १ आणि २ पुन्हा करा. नीट बसलेलं रबर बोलण्याचा, गाडीच्या करकरण्याचा, फेरीवाल्यांच्या हाळीचा आवाज बराच अडवतं. चाकांची आणि मोटरची खालची घरघर मात्र त्यातून आत येते, आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरच्या आवाजाची उलटी लहर सोडून तो मिटवायची सोय) नेमकं तिथेच कामाचं. उघड्या दारातल्या वाऱ्यापुढे आणि डब्यातल्या भजनी मंडळापुढे ते फारसं चालत नाही. (भजन रंगलेलं असेल तर इअरफोन काढून ठेवलेलेच बरे.)

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गोंगाटावर मात करायला वाढवलेला व्हॉल्यूम रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं कानावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ही आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला उरतात साधारण ४ तास. विरार किंवा कल्याणहून रोज येणाऱ्याचे ते दोन दिवसांत संपतात. घरी शांत खोलीत तुम्हाला पुरणारा व्हॉल्यूम बघून ठेवा. गाडीत त्याच्या फार पुढे जावं लागत असेल तर रबर बदला किंवा फोम लावा. इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आदल्या तासाचा आवाज जास्त होता.

फलाटावर उतरताना दोन्ही कान मोकळे करा. आणि रूळ ओलांडणं तर करूच नका, पूल वापरा. कानात इअरफोन असताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

१७. काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज कमी झाला. वायर गेली का?

आधी डावा-उजवा अदलाबदल करून घाला. कमी आवाज त्याच इअरफोनसोबत दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानात राहिला तर कानात मळ आहे. तो डॉक्टरांकडून काढून घ्या, काडीने तो आणखी आत जातो.

दोष इअरफोनचा असेल तर रबर काढून नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात बघा. बहुतेक वेळा मळ बसलेला असतो. तोंड खाली धरून कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच झटका. टाचणी घालू नका, जाळी आत जाते. फुंकर मारू नका, ओल जाते. रबरं साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

जून ते सप्टेंबरमध्ये दुसरं कारण असतं: घाम आणि दमटपणा. जाळीवर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला तरी आवाज पडतो. रात्रभर कोरड्या जागी ठेवल्यावर सकाळी परत आला तर हेच. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी इअरफोनच्या डबीत टाकून ठेवा. खोक्यावरचं आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात एवढंच, मुसळधार पावसात भिजवायची ती परवानगी नव्हे.

१८. कानात घालताना ‘कचक’ असा आवाज येतो. ड्रायव्हर फाटला का?

नाही. हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पातळ पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. हळू घाला, कान वर ओढून घाला. घातल्यानंतर एक बाजू हळू वाजत राहिली तर इअरफोन थोडा सैल करून पुन्हा बसवा. रोज तसंच होत असेल तर वॉरंटीत बदला.

१९. सुटी वायर बदलली आणि आवाज पोकळ झाला. गायक मधोमध ऐकूच येत नाही.

दोन पिनांची वायर एका बाजूला उलटी लागली आहे. तेव्हा एक ड्रायव्हर पुढे जातो त्याच वेळी दुसरा मागे जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधला आवाज विरघळतो. एकाच बाजूची पिन काढून उलटी लावा. बेस परत आला की झालं. नवी वायर घेताना पिनचा प्रकार नीट बघा, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना आणि गोल एमएमसीएक्स हे एकमेकांत बसत नाहीत.

२०. वाईट इअरफोन इक्वलायझरने सुधारतो का?

इक्वलायझर म्हणजे स्वरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायची फोनमधली सोय. त्याने तोल सुधारतो. टोचणारी वरची पट्टी खाली आणता येते, फुगलेला बेस कमी करता येतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाच्या ॲपमध्ये पुष्कळ मॉडेलांची तयार दुरुस्ती मिळते. वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे कल ठेवा, जास्त वाढवलं की आवाज फाटतो. फट मात्र इक्वलायझरने भरत नाही. फटीतून गेलेला बेस बटणाने वाढवत राहणारे बरेच जण आहेत, त्यांनी प्रश्न २ पाहावा.

२१. दुकानदार म्हणतो, कानात घातलेला माल परत घेत नाही.

आवडला नाही म्हणून परत घेणं त्याच्यावर बंधनकारक नाही. पण एक बाजू वाजतच नाही, हा दोष आहे आणि दोषाची जबाबदारी टाळता येत नाही. बिल हातात हवं, त्यामुळे बिलाशिवाय घेऊच नका. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

२२. आईसाठी घ्यायचे आहेत. तिला एका कानाने कमी ऐकू येतं. तिच्यासाठी कोणते?

इथे वरचे बरेच नियम बदलतात. वयानुसार आधी वरचे स्वर ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे मला किंवा तुम्हाला टोचरा वाटणारा इअरफोन त्यांना स्पष्ट वाटू शकतो. निवड त्यांच्या कानाने करा, तुमच्या नव्हे. कीर्तन किंवा बातम्या लावून शब्द कळतात का, एवढंच विचारा.

एका कानाने कमी ऐकू येत असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करा. मग डाव्या बाजूची पेटी आणि उजव्या बाजूचा तबला दोन्ही चांगल्या कानात येतात. तिथेच डावा-उजवा तोल सरकवायची पट्टीही असते. पण कमजोर कानाकडचा आवाज वाढवत नेऊ नका, त्या कानावरचा ताण वाढतो. ऐकू कमी येणं अलीकडे, अचानक सुरू झालं असेल तर इअरफोन नंतर घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यावर इअरफोन घालता येत नाही. बऱ्याच नव्या यंत्रांत फोनचा आवाज थेट ब्लूटूथने येतो, ते यंत्र देणाऱ्यांकडून सुरू करून घ्या.